अर्ध्या भिंतींचे इस्पितळ

ते इस्पितळ आखातातल्या एका शहरात, देरा नावाच्या भागातल्या एका आतल्या रस्त्यावर होते. पाच मजले. तळमजला मोकळा, म्हणजे नुसते खांब आणि खांबांमध्ये मोटारी. जिना, लिफ्ट आणि चौकीदाराची खोली एवढेच काय ते बंदिस्त. रुग्ण, खाटा, शस्त्रक्रियेचे दालन हे सारे त्या खांबांच्या डोक्यावर. त्या भागातल्या पुष्कळ इमारती तेव्हा अशाच होत्या. उन्हाळ्यात मोटारीचे दार उघडायला हाताला रुमाल गुंडाळावा लागतो, तिथे सावलीतल्या जागेला कोणी चैन म्हणत नाही. मी राहत होतो ती इमारतही खांबांवरच उभी होती.

मी एका सल्लागार कचेरीत बांधकामांच्या खर्चाचे अंदाज करीत असे. गोष्ट नव्वदचे दशक संपून नवे शतक लागले त्या सुमाराची आहे. समुद्रापलीकडे इराणात जमीन हलली की आमच्याकडे वरच्या मजल्यांवरचे दिवे झुलत. लोक जिन्याने खाली येत, फुटपाथवर थोडा वेळ उभे राहत, मग कोणीतरी ‘खलास, खलास’ म्हणे आणि सगळे परत वर जात. अशा एका हादऱ्यानंतर इस्पितळाच्या मालकांनी आमच्या कचेरीकडून इमारत तपासून घेतली.

तपासणी आमच्या स्ट्रक्चरल इंजिनीयरने केली. हा इजिप्तचा, कमी बोलणारा, त्यामुळे माझे त्याच्याशी जमे. त्याचा निष्कर्ष साधा होता. इमारत वर भिंतींनी ताठ आहे आणि खाली मोकळी आहे. मोठा धक्का आला तर सगळा भार त्या खांबांवर येईल आणि खांबांना तो पेलणार नाही. उपायही साधा होता. तळमजल्यावर ठरावीक खांबांच्या मध्ये काँक्रीटच्या जाड भिंती घालायच्या, दोन पुढच्या बाजूला, दोन मागच्या.

अशा कामात पैसा लोखंडाला आणि सिमेंटला लागतो असे लोकांना वाटते. तो तिथे सर्वांत कमी लागतो. इस्पितळ बंद ठेवता येत नाही. ड्रिल सुरू झाले की वरच्या खाटा रिकाम्या कराव्या लागतात, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात, ऑक्सिजनचे नळ सोडवून पुन्हा जोडावे लागतात. रिकामी खाट रोज पैसे खाते. मी अंदाज मांडला तेव्हा भिंतींचा आकडा तळाशी होता आणि त्याच्यावर रिकाम्या खाटांचा डोंगर होता. मालकांनी तो पाहिला आणि कागद हलकेच बाजूला सरकवला.

मालक तिथलेच, वयस्क, मृदू बोलणारे. हिंदी त्यांना चांगली येई. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे इथेच लिहून ठेवतो. पैशाचे ते सोसायला तयार झाले. अडले ते मोटारींवर.

पुढच्या दोन भिंती जिथे यायच्या तिथे मोटारी उभ्या राहत. भिंत घातली की तेवढ्या मोटारींची जागा जाणार. आणि इस्पितळाचा परवाना पार्किंगच्या जागांच्या हिशोबाने मिळालेला.

“भाईसाहब,” मालक मला म्हणाले, “दीवार से मरीज़ नहीं आता. पार्किंग से आता है.”

“इमारत राहिली तर येईल,” मी म्हणालो.

ते हसले. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

शेजारी वाळूचा एक रिकामा तुकडा होता. लोक तिथे मोटारी लावतच असत, परंतु नगरपालिका वाळू मोजत नाही. ती जागा रीतसर भाड्याने घेऊन, डांबर घालून, पट्टे मारून दाखवल्याशिवाय पुढच्या भिंतींना परवानगी मिळणार नव्हती. हे काम इस्पितळाच्या मॅनेजरांकडे आले.

मॅनेजर रत्नागिरीकडचे मुसलमान, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मराठी शाळेत शिकलेले. आम्ही दोघेच असलो की मराठीत बोलत असू. ते मला साहेब म्हणत आणि माझ्या गंभीर चेहऱ्याची मनसोक्त थट्टा करीत.

“साहेब, वाळूवाल्याने भाडं सांगितलं. वर्षाला साठ हजार दिरहम. म्हणजे पावणेआठ लाख रुपये! वाळूचे! एवढ्यात आमच्याकडे हापूसची बाग लिहून देतात, वर राखणदार फुकट.”

“घासाघीस करा.”

“करतोय ना. रोज चहा पितो त्याच्याकडे. माझी साखर वाढली, त्याचं भाडं उतरेना.”

भाडे ठरेना, परवानगी मिळेना, आणि मागच्या बाजूला कसलीच अडचण नव्हती. तिथे जनरेटर होता, धुलाईची खोली होती, मोटार एकही नव्हती. मागच्या भिंतींना परवानगी लगेच आली. मालक म्हणाले, “पहले पीछे कर लो, फिर आगे. इन्शाल्ला.” त्या शहरात सगळेच असे टप्प्याटप्प्याने होई. दुकान आधी आणि छत नंतर, रस्ता आधी आणि गटार नंतर. त्यांना त्यात काही गैर वाटले नाही.

गैर होते. भिंती एकाच बाजूला असतील तर इमारत धक्क्याने सरळ हलत नाही, पिळवटते. मागची बाजू धरून ठेवली जाते आणि पुढची गरकन फिरते. म्हणजे अर्ध्या भिंतींची इमारत मुळीच भिंती नसलेल्या इमारतीहून वाईट. इंजिनीयरने हे लिहून दिले, मी तोंडी सांगितले. मालकांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “तो क्या, काम बंद कर दूँ? कॉन्ट्रॅक्टर खड़ा है.”

शेवटी इंजिनीयरने तोड काढली. मागच्या भिंती बांधायच्या, पण वर तुळईखाली वीतभर आणि बाजूंना खांबांपासून थोडी फट मोकळी ठेवायची. फट आहे तोवर भिंत इमारतीला चिकटलेली नाही, नुसती उभी आहे. पुढच्या भिंती पुऱ्या झाल्या की चारही एकदम भरून घ्यायच्या. खर्च वाढत नव्हता. मालक खूश झाले, मीही झालो. मागचे वॉर्ड पाळीपाळीने रिकामे करून काम झाले, अंदाजाच्या आत झाले. त्या भिंती उभ्या राहिल्या, रंगाविना, डोक्याशी अंधारी पट्टी ठेवून.

त्याच सुमाराला आमच्या मुलीने अबुधाबीहून फोन करून बातमी दिली.

पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ही रीत आम्ही तिकडेही पाळली. माहेर म्हणजे देऱ्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, पण माहेर ते माहेर. इस्पितळ कोणते, खोली कोणती, हे ठरवणे माझ्याकडे आले. जावयांच्या बँकेचे विमाकार्ड चालेल असे घराजवळचे इस्पितळ एकच होते. मॅनेजरांना कळले तेव्हा त्यांनी मला टेबलावरून उठू दिले नाही.

“तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली. रस्त्याच्या बाजूची, उजेडाची. तुमच्या लेकीच्या नावानं ठेवली. नाही म्हणायचं नाही, साहेब. आमचीही सून त्याच महिन्यात आहे. दोघांकडे एकदमच पाळणा.”

“सुनेचे माहेर?”

“आई नाही तिला. माहेर म्हणजे आम्हीच.”

फटी मोकळ्या होत्या. इमारत पूर्वी होती तशीच होती, आम्ही सगळे राहत होतो त्या इमारतींसारखी. मी हो म्हणालो.

मुलगी सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. पुढे महिनाभराने, नवव्याच्या तोंडाशी, मी सहज इस्पितळाच्या मागच्या बाजूने चाललो होतो. भिंती पांढऱ्या दिसल्या. खालपासून वरपर्यंत, खांबापासून खांबापर्यंत, एकसंध. फट नव्हती.

मी वर मॅनेजरांच्या खोलीत गेलो.

“बघितल्यात ना?” ते उठून उभेच राहिले. “छान दिसतात की नाही? अहो, त्या फटींत कबुतरं शिरली होती. वीस-पंचवीस तरी असतील. घरटी, पिसं, घाण. आणि आरोग्य खात्याची तपासणी तोंडावर. इस्पितळाखाली कबुतरं म्हणजे माझा परवानाच गेला असता. कॉन्ट्रॅक्टरची दोन माणसं धरली, तोच भारी मसाला घातला. हातचं राखून केलेलं नाही हं काही. लोखंडासारखं झालंय.”

लोखंडासारखेच झाले होते. मी बोट फिरवून पाहिले होते.

फट का ठेवली हे कंत्राटदाराला लेखी सांगितलेले होते. इस्पितळाच्या मॅनेजरांना सांगण्याचे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. कंत्राटदाराचा मुख्य माणूस दुसऱ्या कामावर गेला होता. इंजिनीयरला मी फोन केला. तो म्हणाला, “कंत्राटदाराला सांगितलं होतं. कबुतरांना कोण सांगणार?”

मी मॅनेजरांना समजावून दिले. टेबलावर रबराचा डबा ठेवून एका बाजूने दाबून धरला आणि दुसऱ्या बाजूने ढकलला. ते पाहत राहिले.

“म्हणजे एकाच टोकाला बांधलेली होडी,” ते म्हणाले. “लाट आली की दुसरं टोक फिरतं.”

“हो.”

“आणि फिरणारं टोक म्हणजे रस्त्याकडचं.”

“हो.”

त्यांनी पेन उचलले, टोपण लावले, पुन्हा काढले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मालकांकडे गेलो. भरलेल्या फटी करवतीने कापून पुन्हा मोकळ्या करायच्या, एवढीच मागणी होती. कापण्याचा खर्च किरकोळ होता. पण नेमक्या त्या तुळयांच्या वर शस्त्रक्रियेचे दालन. करवत चालू असताना तिथे सुरी धरता येत नाही. म्हणजे दालन बंद, मागचे वॉर्ड पुन्हा रिकामे. मी आकडा सांगितला.

मालकांनी गाहवाचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा पेला माझ्याकडे सरकवला. “आपने बनाने का पैसा लिया. अब तोड़ने का पैसा माँगते हो. कल फिर भरने का माँगोगे.”

“होय,” मी म्हणालो. “तिन्ही लागतील.”

“और ज़लज़ला कब आएगा?”

“भूकंपाची वेळ मला सांगता येत नाही.”

“जो चीज़ आप बता नहीं सकते, उसके लिए मैं ऑपरेशन बंद करूँ? आज जिसको दर्द है, उसको क्या बोलूँ?”

पुढच्या भिंतींचे काम लवकर उरकू, असे आश्वासन त्यांनी दिले. ते त्यांनी मनापासून दिले होते. त्याच आठवड्यात वाळूच्या तुकड्याभोवती पत्रे लागले. तिथे कोणाची तरी इमारत येणार होती.

घरी मी मुलीला सांगितले की इस्पितळ बदलायचे.

“व्हाय? बाबा, माझी डॉक्टर तिथे आहे. माझं सगळं तिथे आहे.”

“सरकारी इस्पितळात जाऊ. बैठे आहे, ऐसपैस आहे. पैसे मी भरीन.”

“दॅट्स नॉट अ रीझन.”

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, आता नवव्या महिन्यात कसली टूम काढलीत? काय झालंय ते धड सांगा तरी.”

व्यवसायातील गोष्टी मी घरी बोलत नसे. त्या दिवशी बोललो. कागदावर खांब काढले, भिंती काढल्या. मुलगी पोटावर हात ठेवून ऐकत होती. तिकडे वाढलेली मुले बापाचे पुरते ऐकून घेत नाहीत, असे माझे मत होते. तिने पुरते ऐकले.

“ओके,” ती म्हणाली. “पण माझी ती रूम मग कोणाला मिळेल?”

“कोणालातरी.”

“तिचे बाबा इंजिनीयर नसतील.”

मी कागद घडी करून खिशात ठेवला. तिची आई म्हणाली, “तू आता स्वतःचं बघ गं.” मुलीने मान डोलावली, पण माझ्याकडून नजर काढली नाही. मी दुसरे काही करू शकतो असे तिला वाटत असावे. मुली बापाविषयी असे काही धरून चालतात.

सरकारी इस्पितळात तिला मुलगा झाला. सुखरूप. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

आठवडाभराने मॅनेजरांचा फोन आला. त्यांना नातू झाला होता. “या बघायला. तिसरा मजला, कोपऱ्याची खोली.”

संध्याकाळी खजुराचा डबा घेऊन गेलो. ते लिफ्टपाशी उभे होते. मी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेले.

“तुम्हाला मी सगळे सांगितले होते.”

“सांगितलं होतंत.”

“मग?”

“मग काय करू साहेब?” त्यांनी आवाज खाली आणला. “इथल्या नर्स, डॉक्टर, सगळ्यांना माहीत आहे माझी सून भरल्या दिवसांची आहे ते. मॅनेजरनं आपली सून दुसरीकडे नेली, तर उद्या या चार मजल्यांवर कोण राहील? विचारतील ना, का नेली? काय सांगू? सांगितलं तर इस्पितळ बंद. नाही सांगितलं तर मी चोर. आणि खोली रिकामीच होती. तुमच्या लेकीची. ती दुसऱ्या कुणाला देऊन माझी माणसं मागच्या बाजूला ठेवू? फटी मी बुजवल्या, साहेब. फिरणाऱ्या टोकाला मग माझंच माणूस असू दे.”

“हा काही न्याय नव्हे.”

“नसेल. तुमच्याकडे दुसरा आहे का?”

इमारतींच्या खर्चाचे अंदाज करीत आयुष्य घालवलेला मी, एका पोरक्या मुलीला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवू शकत नव्हतो. हलवली असती तर त्या खोलीत तिसरी आली असती.

आम्ही आत गेलो. सून उशीला टेकून बसली होती, वीस-बावीस वर्षांची, चेहरा थकलेला. मला पाहून तिने ओढणी सावरली आणि सलाम केला. मॅनेजरांच्या पत्नीने मला खुर्ची दिली, वाटीत गोड शेवया दिल्या. मूल कुशीत झोपले होते.

“काविळीसारखं पिवळं पडलंय जरा,” सून म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, दिव्याखाली ठेवायला लागेल. अजून चार दिवस.”

“पिवळा नाही तर काय होणार?” मॅनेजर म्हणाले. “हापूसच्या मुलखातलं रक्त आहे. पिकायला ठेवतील अढीत चार दिवस.”

दोघी हसल्या. तेही हसले. ‘चार दिवस’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी वाटीतल्या शेवया संपवल्या. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता आणि दुकानांचे दिवे लागत होते. खोली खरोखरच उजेडाची होती.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स दारात येऊन उभी राहिली. मी उठलो नाही. मॅनेजरांच्या पत्नीला वाटले मला आणखी काही हवे आहे, तिने चहाचे विचारले. मी नको म्हणालो आणि बसून राहिलो. इमारतीला माझा काडीचाही उपयोग नव्हता, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होते. नर्सने दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा मॅनेजरांनी माझ्या दंडाला हात लावला.

“चला साहेब. नियम सगळ्यांना सारखा.”

लिफ्टपर्यंत ते बरोबर आले. मी त्यांना म्हणालो, मालकांकडे मी एकटा पुन्हा जाईन. ते म्हणाले, “जा. चहा चांगला असतो त्यांचा.”

मी गेलो. चहा चांगला होता. पुढच्या दोन भिंती मी त्या देशात होतो तोवर झाल्या नाहीत.

ते चार दिवस मी रोज संध्याकाळी इस्पितळात गेलो, भेटीच्या वेळेला, काही कारण नसताना. पाचव्या दिवशी खोलीत दुसरीच कोणी बाळंतीण होती. तिच्या नवऱ्याने मला विचारले, आपण कोणाला शोधता. मी म्हणालो, कोणाला नाही.